जुन्या एसएमपीएसचे कंडेन्सर बदलायचेत: कुठल्या जागी कुठला घालावा?

उद्यमनगरी
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप (ओतकामाचे नमुने बनवायचं) आहे. एक जुनं मिलिंग मशीन पेंटियम थ्रीच्या पीसीवर चालतं, कारण त्याचं कंट्रोल कार्ड आयसा ह्या जुन्या जातीच्या स्लॉटचं आहे आणि त्याला उणे ५ व्होल्टही लागतो. त्यामुळं नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणून जोडला आणि सुटलो, असं होत नाही. एटीएक्स१२व्हीच्या २००३ मधल्या १.३ आवृत्तीपासून उणे ५ स्पेसिफिकेशनमधूनच गेला. आजच्या सप्लायला १८ नंबरच्या पिनवरची ती पांढरी वायर नसतेच.

सध्याचं दुखणं असं: काम चालू असताना पीसी मध्येच रिस्टार्ट होतो. आणि रविवारी मेन स्विच बंद राहिला की सोमवारी सकाळी एसएमपीएस उठतच नाही. बटण दाबत बसलं की केव्हातरी घेतो, मग आठवडाभर गुमान चालतो. उघडून बघितलं तर ५ व्होल्टचे दोन्ही २२००/१० (२२०० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट) कंडेन्सर डोक्यावर फुगलेत, एकाच्या बुडातून काहीतरी तपकिरी सांडलंय. १२ व्होल्टला २२००/१६ आणि ३.३ ला २२००/१०, ते दिसायला बरे आहेत. मेनचे दोन ६८०/२००, त्यांच्यावर ८५ डिग्री लिहिलंय.

सगळे बदलायचे हे ठरलंय. प्रश्न निवडीचा आहे. दुकानात जाऊन ‘बावीसशे-दहा द्या’ म्हटल्यावर जे पुढ्यात येईल ते लावावं का? एक जण म्हणतो ३३०० एमएफडी (मायक्रोफॅरड) घाल, ताकद वाढते. दुसरा म्हणतो सगळे सॉलिड, म्हणजे पॉलिमरचे घाल. कुणाचं ऐकू?

कट्टा
नवा पीसी घे की भावा. नाद सोड त्याचा.

उद्यमनगरी
पीसी नवा, मग कार्ड नवं, मग ड्राइव्ह नवे, मग मशीनच नवं. बिल तुझ्या नावावर पाठवू काय?

गंगावेस
सोमवारचं दुखणं आधी बघ. ५ व्होल्टचे फुगलेले दिसतात म्हणून सगळे तिकडंच बघत बसतात. तुझा खरा चोर स्टँडबायच्या (पीसी बंद असतानाही ५ व्होल्ट देणाऱ्या) सर्किटात असणार, प्रायमरीच्या म्हणजे मेनच्या बाजूला, बारक्या ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. ४७/५० नाहीतर १०/५०, करंगळीच्या पेराएवढा. ह्यो कधी फुगत न्हाई. वरनं नवाकोरा दिसतो आणि आतनं पार सुकलेला असतो. एसएमपीएस २४ तास मेनवर असला की हा कायम गरम राहतो, त्यामुळं निभावून नेतो. मेन बंद झाली, गार पडला, की ईएसआर म्हणजे त्याचा आतला रोध वाढतो आणि स्टँडबाय सुरूच होत न्हाई.

खात्री करायची असली तर मेनची वायर काढ, त्या भागावर बाहेरून हेअर ड्रायरची हवा मार, ड्रायर बाजूला ठेव, झाकण लाव आणि मग चालू कर. लगेच उठला तर तोच.

आता महत्त्वाचं. जुन्या दोन-ट्रान्झिस्टरच्या स्टँडबायमध्ये हा कंडेन्सर गेला की सप्लाय नुसता रुसत न्हाई. रेग्युलेशन सुटतं आणि ५ व्होल्ट स्टँडबाय लई वर चढू शकतो. मग मदरबोर्ड गेलाच म्हणून समज. तेव्हा तो बदलल्याशिवाय बोर्डाला जोडू नकोस. बदलल्यावरही आधी ९ नंबरची जांभळी वायर मीटरवर बघायची, मग पुढचं. इथं कंडेन्सर १०५ डिग्रीचा, लो ईएसआर आणि जास्त तासांच्या आयुष्याचाच पाहिजे. सगळ्या एसएमपीएसमध्ये पैसे कुठं घालायचे असतील तर ह्या एका बारक्यावर.

ओहमशांती
गंगावेस यांनी अगदी बरोबर जागा दाखवली आहे. मी सेकंडरीचं, म्हणजे आउटपुटच्या बाजूचं सांगते, कारण ‘३३०० घाल’ हा सल्ला मी विद्यार्थ्यांकडूनही दर वर्षी ऐकते.

तुमचा सप्लाय टीएल४९४ ह्या कंट्रोल आयसीवर किंवा त्याच्या भावंडावर चालणारा हाफ-ब्रिज (दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालणारा) असणार. तो साधारण ३० किलोहर्ट्झला स्विच होतो, म्हणजे आउटपुटला रिपल (डीसीवर उरणारा चढउतार) ६० किलोहर्ट्झचा. आता २२०० मायक्रोफॅरडची ६० किलोहर्ट्झला रिअ‍ॅक्टन्स (फ्रिक्वेन्सीनुसार होणारा विरोध) काढून बघा: सुमारे १.२ मिलिओहम. पण त्याच कंडेन्सरचा ईएसआर चांगल्या मालिकेत २० मिलिओहमच्या आसपास, साध्यात त्याच्या कित्येक पट. रिपल करंट गुणिले ईएसआर, एवढाच तुमचा रिपल. २२०० चे ३३०० केल्याने १.२ चे ०.८ होतील, २० मात्र जागच्या जागी राहतील. मायक्रोफॅरडचा आकडा इथे जवळजवळ प्रेक्षक आहे.

तेव्हा सेकंडरीला निवडताना डेटाशीटमध्ये दोन रकाने बघायचे: १०० किलोहर्ट्झचा इम्पीडन्स (एकूण विरोध) आणि १०० किलोहर्ट्झचा रिपल करंट. ज्या मालिकेच्या डेटाशीटमध्ये हे रकानेच नाहीत, फक्त १२० हर्ट्झचा टॅन डेल्टा दिलाय, ती सर्वसाधारण कामाची मालिका. ती ऑडिओला, लिनिअर सप्लायला चालेल. इथे नको, मग कंपनी कितीही नावाजलेली असो. लोक ‘जपानी घ्या’ म्हणतात आणि जपानी कंपनीची साधी मालिका घेऊन येतात.

नावंच हवी असतील तर पॅनासॉनिकची एफएम आणि एफआर, रुबिकॉनची झेडएलएच, निचिकॉनची एचई, निप्पॉन केमी-कॉनची केवाय. यांतली जी मापात बसेल ती घ्या, त्यांच्यात डावं-उजवं करत बसू नका.

उद्यमनगरी
मॅडम, मग ईएसआर जितका कमी तितकं चांगलं, असंच ना? मग सॉलिड घालायला काय हरकत? मदरबोर्डवर तर सगळे सॉलिडच असतात.

ओहमशांती
नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. मदरबोर्डचा रेग्युलेटर त्या सॉलिड कंडेन्सरांना धरून डिझाइन केलेला असतो. तुमच्या एसएमपीएसचा फीडबॅक (आउटपुट बघून व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) साध्या इलेक्ट्रोलिटिकला धरून केलाय. कंडेन्सरचा ईएसआर त्या फीडबॅकच्या लूपला एक झीरो देतो, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीपासून पुढे फेज सावरली जाते. ३० मिलिओहम आणि २२०० मायक्रोफॅरड असेल तर हा झीरो सुमारे २.४ किलोहर्ट्झला येतो. तिथे ५ मिलिओहमचा १००० मायक्रोफॅरड पॉलिमर बसवलात तर तोच झीरो जातो थेट ३२ किलोहर्ट्झला. लूपला जिथे आधार हवा होता तिथे तो राहत नाही. मग सप्लाय सूक्ष्म शिट्टी मारतो, लोड बदलला की व्होल्टेज डुलतं, कधी काहीच होत नाही. पण ‘कधी काहीच होत नाही’ यावर मशीन चालवायचं का, ते तुम्ही ठरवा.

मूळचा कंडेन्सर साध्या लो ईएसआर जातीचा असेल तर नवाही त्याच जातीचा, थोडा सरस. बस.

तुमच्या ५ व्होल्टच्या दोन कंडेन्सरांमध्ये काडीसारख्या फेराइटवर गुंडाळलेली कॉइल आहे का? असेल तर कॉइलच्या आधीचा कंडेन्सर जास्त मार खातो, नंतरचा उरलेला रिपल गाळतो. दोघांना एकाच मालिकेचा माल लावा. फक्त आधीच्या जागी रिपल करंटचा आकडा नीट बघून.

धोटा
इचलकरंजीतून. सेकंडरीचं सगळे बोलताहेत, मेनचं कुणीच नाही. आमच्याकडं रात्री आजूबाजूचे लूम थांबले की सॉकेटला २५५-२६० व्होल्ट मी स्वतः मोजलाय. २६० ला १.४१४ नं गुणा: ३६७ व्होल्ट डीसी. दोन कंडेन्सर सिरीजमध्ये, म्हणजे एकेकावर १८४. कंडेन्सर २०० चा. कागदावर बसतं, पण दोघांत बरोबर अर्धी वाटणी होते असं धरून.

ती वाटणी करायला प्रत्येकाला समांतर एक रेझिस्टर असतो, दीड-दोनशे किलोओहमचा वगैरे. जुन्या सप्लायमध्ये हे रेझिस्टर वाढलेले किंवा ओपन झालेले असतात. मग एकावर १६०, दुसऱ्यावर २०७ असला प्रकार होतो. नवे कंडेन्सर बसवून पुन्हा उडाले म्हणून माझ्याकडं आलेल्या सप्लायमध्ये पहिलं मी हेच मोजतो. कंडेन्सर काढलेलेच असतील तेव्हा दोन्ही रेझिस्टर मोजून घ्या, फरक दिसला तर जोडीनं बदला. आणि जागा असेल तर कंडेन्सर २५० व्होल्टचे घ्या, १०५ डिग्रीचे.

कट्टा
आणि मागचं ते तांबडं बटण ११५ वर सरकवून बघा. लय मजा येते.

धोटा
हसण्यावारी नेऊ नका, खरंच होतं ते. ११५ वर ठेवलं की व्होल्टेज डबलर चालू होतो. एकेका २०० च्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट येतात. आवाज आख्ख्या गल्लीत ऐकू जातो. वर्कशॉपमध्ये पोरं झाडपूस करताना बटण हलतं, तेव्हा ते २३० वर ठेवून वरनं चिकटपट्टी मारा.

गंगावेस
धोट्यांचं बरोबर, पण २५० व्होल्टचा उंच असतो, झाकण लागतंय का बघून घ्या. झाकणाला टेकला तर २०० चाच घाला, चांगल्या कंपनीचा. ६८० चा १००० करायला पण जाऊ नका. चालू करताना जो झटका बसतो तो एनटीसी (झटका थोपवणारा रेझिस्टर) आणि ब्रिजच्या डायोडांना बसतो, ते ६८० च्या हिशोबानं घातलेत.

उघडल्यावर हात घालायच्या आधी: मेनच्या कंडेन्सरांत चार्ज राहतो. होल्डरला दोन वायरी लावून १५ वॉटचा पिवळा बल्ब दोन टोकांना टेकवायचा, मग मीटरनं शून्य बघायचं, मग हात. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी काढणारे बहाद्दर असतात, त्यांचं ऐकू नका.

उद्यमनगरी
आजच बाजारात जाऊन आलो. एका दुकानात २२००/१० मिळाला, वर मोठ्या जपानी कंपनीचं नाव. १० मिलिमीटर व्यास, उंची जेमतेम १६. दुकानदार म्हणाला ओरिजिनल. घ्यावा का?

ओहमशांती
उंचीच सांगतेय सगळं. मी वर लिहिलेल्या मालिकांमध्ये १० मिलिमीटर व्यासाचा २२००/१० साधारण २३ ते २५ मिलिमीटर उंच असतो. कंपनीच्या डेटाशीटमध्ये त्या मालिकेत तसं मापच नसेल तर तो त्या कंपनीचा नाही. ईएसआर आणि रिपल करंट शेवटी डब्याच्या मापावरच ठरतात. आत फॉइल जितकं जास्त तितकं बरं. म्हणूनच एकाच मालिकेत उंच डबा बुटक्यापेक्षा सरस असतो.

गंगावेस
उलटं पण असतंय. मोठा डबा कापून बघितला तर आत बारका कंडेन्सर, वरनं नवीन आवरण. डबा भला मोठा आणि आत भाजी चमचाभर. हातात घेतला की हलका लागतो. शंका आली तर एक फोडून बघायचा.

हितं साधा माल मिळतो, दुरुस्तीच्या दुकानांना तेवढाच लागतो. लो ईएसआर मालिकेचं नाव घेऊन मागितलं की दुकानदार तोंडाकडं बघतो. पुण्यात तपकीर गल्ली नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पण तिथंही नकली असतोच. सरळ एलिमेंट१४, माउझर, डिजीकी असल्या अधिकृत वितरकाकडनं मागव. कुरिअरला मालापेक्षा जास्त पडेल, म्हणून चार-पाच सप्लायचा माल एकदम घे. आपल्यातल्या कुणाला पाहिजे असेल तर एकत्र ऑर्डर टाकू.

धोटा
भारतीय हवा असेल तर केल्ट्रॉन आहे, कन्नूरचा कारखाना. मोठ्या डब्यांत, मोटर रनच्या कंडेन्सरांत त्यांचा माल मी वापरतो. पण ५ व्होल्टच्या जागेला मॅडमनी सांगितलेले दोन रकाने बघूनच घ्या, मग तो कुणाचाही असो.

पंचगंगाकाठ
एक शंका. माझ्याकडं भंगारातले बरेच मदरबोर्ड आहेत, त्यांच्यावर चांगल्या जपानी कंपनीचे कंडेन्सर दिसतात. ते उपसून वापरले तर?

गंगावेस
प्रयोगाला वापर. धंद्याच्या मशीनला नको. त्यानं आधी किती तास तापून काढलेत ते कुठं लिहिलंय? त्यातनं पाय तोडके असतात, पसरलेला सोल्डर असतो. वैताग नुसता.

ओहमशांती
तासांचा हिशोब इथेच सांगून टाकते. डब्यावर ‘१०५ डिग्री’ असतं, पण त्या तापमानाला किती तास हे डेटाशीटमध्ये असतं. साधा १००० किंवा २००० तास, चांगल्या मालिकांमध्ये ५००० आणि त्याहून जास्त. ढोबळ नियम असा की तापमान १० डिग्री कमी झालं की आयुष्य दुप्पट. आत ६५ डिग्री असेल तर २००० तासांचा कंडेन्सर सोळापट, म्हणजे ३२,००० तास. रोज दहा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर दहा वर्षं निघतात. ८५ डिग्रीचा २००० तासांचा तिथेच जेमतेम ८००० तास, अडीच-पावणेतीन वर्षं. रिपल करंटमुळे कंडेन्सर आतून आणखी तापतो, ते वेगळंच.

म्हणून आधी पंखा बघा. उद्यमनगरातली फाउंड्रीची काळी धूळ आत बसलेली असेल, ती वारा अडवते आणि पावसाळ्यात ओल धरली की वीजही नेते. तिचा थर ब्रशने आणि ब्लोअरने काढल्याशिवाय नवे कंडेन्सर बसवण्यात अर्थ नाही. कंडेन्सरांच्या बुडाशी लावलेला पिवळा गोंद तपकिरी, कडक झाला असेल तर तोही खरवडून काढा. जुना झाला की तो वीज वाहू लागतो आणि शेजारच्या पायांना गंज आणतो. तुम्ही ‘तपकिरी काहीतरी सांडलंय’ म्हणालात, ते कदाचित इलेक्ट्रोलाइट नसून हा गोंदच असेल. दोन्ही असू शकतात.

कट्टा
मॅडम, पोरं तुमच्या वर्गात झोपत नसतील बहुतेक.

धोटा
उद्यमनगरी, एक सरळ विचारतो. उणे ५ साठीच अडलंय ना? उणे १२ वरनं ७९०५ लावून उणे ५ काढता येतो. रेग्युलेटर आणि दोन बारके कंडेन्सर, झालं काम. कार्ड तिथं फार करंट ओढत नाही. मग नवा सप्लाय का नको?

उद्यमनगरी
ते डोक्यात होतं. पण हा बोर्ड प्रोसेसरसाठीही ५ व्होल्टवरनंच करंट ओढतो, १२ वर जवळजवळ काहीच नाही. आमच्याकडं एक स्वस्तातला नवा सप्लाय लावून बघितला होता. ५ व्होल्ट खाली ४.८ ला आणि १२ वर साडेबाराला गेला. ±५ टक्क्यांत बसतं म्हणा, पण मशीन चालू झालं की कार्ड एरर द्यायचं.

ओहमशांती
ग्रुप रेग्युलेशनचा सप्लाय असेल तर असंच होणार. ५ आणि १२ एकाच फीडबॅकवर असतात. एकावर सगळा लोड आणि दुसरा मोकळा, की दोघं विरुद्ध दिशांना जातात. १२ वरून डीसी-डीसी कन्व्हर्टरने ५ तयार करणारा नवा सप्लाय घेतलात तर हा त्रास नाही. माझं मत विचाराल तर जुना दुरुस्त करा आणि तसला एक ७९०५ सकट तयार ठेवा. ऑर्डरचं काम अर्ध्यावर असताना सप्लाय गेला तर कुणीच कंडेन्सर शोधत बसणार नाही.

पंचगंगाकाठ
भोकांचं अंतर जुळलं नाही तर काय करायचं? मला नेहमी तोच त्रास.

गंगावेस
मागवायच्या आधीच माप घ्यायचं. ८ मिलिमीटरच्या डब्याला ३.५ चं अंतर, १० आणि १२.५ ला ५ चं, १६-१८ ला साडेसात. १० च्या जागी १२.५ व्यासाचा भोकांत बसतो, शेजारी हीटसिंक आडवा आला नाही तर. पाय वाकवून उंच उभा करू नको, हादऱ्यानं पॅड उचकटतात. जुन्या फिनॉलिक बोर्डचे पॅड आधीच हलके असतात. पहिल्यांदा थोडा ताजा सोल्डर घालायचा, मग पंपानं ओढायचा. आणि काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, प्लस-मायनस दिसेल असा. बोर्डवरच्या छापील खुणेवर एकट्यावर विसंबू नको.

व्होल्टेज वरचं चालतंय: १० च्या जागी १६ बिनधास्त. खालचं कधीच न्हाई.

उद्यमनगरी
माल आला, बसवला. सगळ्या रेल्सना लो ईएसआर मालिका, मेनला २००/१०५ डिग्रीचे, कारण २५० वाला खरंच झाकणाला टेकत होता. समतोलाचे दोन्ही रेझिस्टर काढून मोजले, एक छापील किमतीच्या जवळपास दुप्पट निघाला. दोन्ही बदलले. स्टँडबायचा ४७/५० काढून ईएसआर मीटरवर लावला तर आकडाच येईना.

पहिल्यांदा १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये टाकूनच चालू केला. बल्ब एकदा चमकला आणि विझला. जांभळी ५.०६. मग हिरवी काळ्याला लावून (म्हणजे सप्लाय चालू करून), ५ व्होल्टवर गाडीचा हेडलाइट बल्ब लोड म्हणून ठेवून सगळे व्होल्टेज बघितले. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर ५ व्होल्टचा रिपल २२ मिलिव्होल्ट आला. आधीचा १४० च्या वर होता. स्पेसिफिकेशनची मर्यादा ५० आहे ना?

ओहमशांती
हो. ५ आणि ३.३ ला ५०, १२ ला १२०, पीक टू पीक. स्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर ठेवून आणि प्रोबच्या टोकाशी ०.१ चा सिरॅमिक व १० चा इलेक्ट्रोलिटिक लावून मोजलं असेल तर आकडा विश्वासाचा. लोड मात्र प्रत्यक्ष मशीन चालू असतानाचा घेऊन एकदा पुन्हा बघा. हेडलाइट बल्ब ५ व्होल्टवर तुमच्या बोर्डाएवढं ओढत नाही.

उद्यमनगरी
मशीनवर लावून बघतो. अजून एक, मेनच्या वायरीजवळ एक पिवळा चौकोनी आणि दोन निळे गोल कंडेन्सर आहेत. तेही जुनेच. बदलू का?

ओहमशांती
पिवळा चौकोनी एक्स कंडेन्सर (फेज आणि न्यूट्रलमधला), निळे वाय (मेन ते अर्थ). तडा गेलेला, काळवंडलेला नसेल तर राहू द्या, ते इलेक्ट्रोलिटिकसारखे सुकत नाहीत. बदलायचाच झाला तर एक्सच्या जागी एक्स२ आणि वायच्या जागी वाय२ किंवा वाय१ असं अंगावर छापलेलाच, तेवढ्याच किमतीचा. ४०० व्होल्टचा साधा फिल्म कंडेन्सर तिथे कधीही नाही. वाय कंडेन्सर शॉर्ट झाला आणि अर्थिंग धड नसलं तर पीसीच्या कॅबिनेटला थेट फेज येतो.

धोटा
हे वाचून पीसीच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. वर्कशॉपात पंखे-ग्राइंडर सगळे चालतात म्हणून अर्थिंग आहे असं कुणी धरू नका. फेज ते अर्थ बल्ब लावून बघा, पूर्ण पेटला पाहिजे. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, तेही ठीकच.

गंगावेस
आणि पंखा नवा घाल. तेल घालून चालवू नकोस.